कातळावर फिरताना कुत्र्याला फुरशापासून कसं जपायचं?

आमचं घर देवगडजवळ कातळावर. मोती गावठी, तीन वर्षांचा, दिसेल त्या दगडाखाली नाक खुपसणार! काल गडग्यापाशी फुरसं वेटोळं घालून अंग घासत खरखरत होतं. आवाज आला म्हणून मोतीला मागे ओढला. वीतभर जीव, पण विष जबर. फिरणं बंद करू का?

उत्तर १: बंद कशाला? पट्टा आखूड ठेवा, गवतातून नको, मधल्या वाटेने न्या. दिवेलागणीनंतर बॅटरी हवीच.

उत्तर २: आमच्या राणीला गेल्या पावसाळ्यात घोणस चावली, थेट नाकाडावर. तोंड भोपळ्यासारखं सुजलं. शेजारचे काका सुतळी घेऊन धावले, मी बांधू दिली नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, चालवायचंही नाही, उचलून गाडीत. पहिल्या दवाखान्यात लसच नव्हती, तिथे पाऊण तास गेला. माणसांना देतात तीच सापाची लस कुत्र्यांनाही चालते, तेव्हा कुठे मिळते ते आजच फोन करून विचारून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता: केला फोन. कणकवलीत आहे म्हणाले. पट्टाही आखूड केला, मोती रुसलाय.