आईला छातीत गाठ लागतेय, दुखत नाही म्हणून दाखवायला तयार नाही. काय करू?

माढ्याचीमाहेरवाशीण:
नमस्कार. मी पुण्यात नोकरीला, आईपप्पा कुर्डुवाडीला. आई ५३ वर्षांची, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. काल फोनवर, म्हणजे भाजीला काय केलं वगैरे चाललेलं असताना, मधेच म्हणाली की डाव्या बाजूला आंघोळ करताना वालाच्या दाण्याएवढं काहीतरी हाताला लागतं. कधीपासून विचारलं तर म्हणे संक्रांतीपासून. आता पाडवा होऊन गेला!! म्हटलं बोलली का नाहीस, तर म्हणे दुखत नाही खुपत नाही, दुखलं असतं तर गेले नसते का.

शेजारच्या काकूंनी एरंडाचं पान गरम करून हळदीबरोबर बांधायला सांगितलंय, ते रोज चालू आहे. शिवाय त्यांनीच डोक्यात भरवलंय की सुई लावू देऊ नकोस, सुई लागली की कॅन्सर पसरतो. मावशीचं वेगळंच, आपल्या घराण्यात कुणाला नाही तर तुला कुठून होणार. पप्पांनी गावातल्या एका डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले छोटीच आहे, इथेच काढून टाकू अर्ध्या तासात, विषय संपला.

मला विचारायचंय की दाखवायचं कुणाला, स्त्रीरोगवाल्यांना की सर्जनला? जवळपास कुठे? आणि मुख्य म्हणजे तिला न्यायचं कसं, ती हलायलाच तयार नाही.

जाता जाता माझंही. मी ३१. पाळीच्या आधी आठवडाभर दोन्हीकडे इतकं ठणकतं की रिक्षा खड्ड्यात गेली की डोळ्यात पाणी येतं. मैत्रीण म्हणते तारेची ब्रा सोड, त्यानेच कॅन्सर होतो. खरं का?

आजीचीगोधडी:
आधी ते पान बंद करायला सांगा बाई. गाठ त्याने विरघळणार तर नाहीच, वर कातडी भाजून लाल झाली की तपासणाऱ्याला कळत नाही ही लाली आतली की शेकाची. आमच्याकडे जावेचं असंच झालं होतं, फोड आले, ते बरे होईपर्यंत तपासणी पुढे ढकलली, पंधरा दिवस फुकट गेले. तिची निघाली साधी पाण्याची गाठ, पण तेवढे दिवस घरात कुणाला जेवण गेलं नाही.

स्लाइडवाली:
मी पॅथॉलॉजीत काम करते, सुईने काढलेला तुकडा शेवटी माझ्यासारखीच्याच टेबलावर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुखत नाही ही आईंना दिलाशाची गोष्ट वाटतेय ना, ती दिलाशाची नाही. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. घाबरवत नाहीये, बहुतेक गाठी साध्याच असतात, पण पाळी गेल्यानंतर नवीन लागलेली गाठ तपासल्याशिवाय साधी म्हणायची नसते. दुखते का विचारण्यापेक्षा हे बघा: गाठ नवीन आहे का, कडक आहे का, वरची कातडी खळी पडल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंड आत ओढलं गेलंय का, एकाच बाजूने रक्तासारखं पाणी येतं का, काखेत काही लागतं का. बोंडावर न जाणारी खाज, खपली असेल तरी दाखवायचं, नुसती मलमं लावत बसायचं नाही. आणि यातलं काहीच नसलं तरी गाठ आहे एवढं कारण पुरेसं आहे.

सुईचं. सुईने पसरत नाही. हे का पसरलंय सांगू, लोक सुई लावतात तेव्हा आजार आधीच पुढे गेलेला असतो, मग सहा महिन्यांनी बिघडलं की खापर सुईवर. त्या गावातल्या डॉक्टरांचं ऐकू नका ही माझी खरी कळकळ आहे. आधी गाठ काढायची आणि मग बघायचं काय होती, हे उलटं काम आहे. कॅन्सर निघाला तर कडेला राहून गेलेलं असू शकतं, परत ऑपरेशन, छेद कुठेही घेतलेला, त्यामुळे पुढच्या सर्जनचं काम अवघड. कित्येकदा तर काढलेला गोळा तपासायला पाठवलेलाच नसतो, बाटलीत घालून नातेवाईकांना दाखवतात आणि मग कुठे जातो देवाला ठाऊक. क्रम असा: हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, मग कोअर बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून जाड सुईने दोनचार बारीक तुकडे. सुरी त्यानंतर. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधी सांगा.

दाखवायचं सर्जनला, कॅन्सरचा किंवा स्तनाचा सर्जन मिळाला तर उत्तम. तुमच्यासाठी बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहेच, कुर्डुवाडीहून तासाभरात पोचाल. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर, डिओ काही लावू नका, फोटोत ते बारीक ठिपक्यांसारखं दिसतं आणि उगाच गोंधळ होतो. (डिओने कॅन्सर होतो याला मात्र पुरावा नाही.) दाबताना दुखतं, काही सेकंद. रेडिएशन म्हणाल तर काही आठवड्यांत आपल्याला निसर्गातूनच मिळतं साधारण तेवढं.

तुमचं: दोन्हीकडे, पाळीच्या आधी, पाळी आली की कमी, हे हार्मोन्सचं दुखणं. तारेच्या ब्राचा कॅन्सरशी संबंध नाही, काळ्या रंगाचाही नाही. उलट नीट मापाची, आधार देणारी ब्रा घातली की रिक्षातला त्रास कमी होईल, निम्म्या बायका चुकीचा साइज घालतात असं माझं आपलं मत. एकाच जागी सतत दुखत असेल तर दाखवा. ३१ ला आपणहून मॅमोग्राफी करून घ्यायची गरज नाही, या वयात काही लागलं तर आधी सोनोग्राफी.

तीळगूळ_नको:
घराण्यात नाही वाल्या मावशींना सांगा, आमच्याही घराण्यात नव्हतं. मला ४६ व्या वर्षी झाला. आनुवंशिक असतो तो शंभरातल्या पाचदहा जणींना, बाकीच्या सगळ्या माझ्यासारख्याच.

आईला न्यायचं कसं यावर एक. त्या आजाराला नाही घाबरत, लाजतात. परक्या पुरुषासमोर ब्लाउज काढायचा हा खरा प्रश्न असतो, पण बोलणार कोण, म्हणून मग दुखत नाही, खर्च होईल, आता उन्हाळी कामं आहेत. फोन करून आधीच विचारा लेडी डॉक्टर कधी असतात, मॅमोग्राफीला बाई आहे का. आणि तुमचं ठणकणं आहेच की! म्हणा मला दाखवायचंय, एकटीला भीती वाटते, तू चल. आई स्वतःसाठी नाही येणार, लेकीसाठी उठून येईल.

पैशांचं, रेशनकार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार बसतात, पण ते मुख्यतः दाखल झाल्यावर, सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च धरून चला.

मुलूखगिरी:
पुरुष आयडी आहे, चालेल ना. माझ्या काकांना झाला होता. शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. ते पण वर्षभर बनियनखाली लपवून बसले. लपवणारे सगळीकडे सारखेच.

कैरीचंपन्हं:
आमच्या महिला मंडळात परवा कॅमेऱ्याने तपासणीचा कॅम्प होता, हात लावत नाही, दाबत नाही, उष्णतेवरून कळतं म्हणे. आईंना ते बरं नाही का पडणार?

स्लाइडवाली:
@कैरीचंपन्हं, नाही. उष्णतेचा फोटो मॅमोग्राफीला पर्याय नाही, त्यात नॉर्मल आलं म्हणून निवांत राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. हाताची तपासणी मात्र कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला, त्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या. वीस वर्षांनी बघितलं तर पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. मशीन नाही काही नाही. तिशीपुढच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रातही ही तपासणी असते, विचारलं पाहिजे फक्त.

माढ्याचीमाहेरवाशीण:
अठरा दिवसांनी लिहितेय, सॉरी. @तीळगूळ_नको, तुमची युक्ती चालली. माझं दुखतंय म्हटल्यावर आई दुसऱ्या दिवशी डबा बांधून तयार. तिथे गेल्यावर म्हटलं आलोच आहोत तर तुझंही दाखवू, माझ्याकडे असं बघितलं की बास, पण आत गेली. डॉक्टर बाईच होत्या.

बायोप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. १.६ सेंमी, काखेत सोनोग्राफीत काही दिसत नाही. डॉक्टर म्हणाल्या आख्खा स्तन काढावा लागेलच असं नाही, गाठ आणि भोवतालचं काढून मग रेडिएशन, हार्मोनवाला (हार्मोनमुळे वाढणारा) निघालाय म्हणून काही वर्षं गोळी. केमो लागेल का ते ऑपरेशननंतर ठरेल. पप्पा गप्पच आहेत. आई म्हणाली सुई मुंगी चावल्यासारखी होती, त्या काकूंना सांग. मग येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली ती घरापर्यंत बोलली नाही.

दुसरं मत घ्यायला परळला टाटात न्यावं असं मामा म्हणतोय. काय काय सोबत न्यावं?

स्लाइडवाली:
वाईट वाटलं, पण दोन सेंमीच्या आत सापडलाय, हे चांगलं आहे. नुसता रिपोर्ट नेऊ नका. जिथे बायोप्सी तपासली तिथून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (तुकडा मेणात बसवून ठेवतात ते) मागून घ्या, ते तुमचेच असतात, नाहीतर तिथे सुई परत करावी लागू शकते. मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी, जुनी औषधं, आधारकार्ड, रेशनकार्ड. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.

तीळगूळ_नको:
आणि समोरून बटणं असलेले दोन सैल कुडते शिवून ठेवा, ऑपरेशननंतर हात वर होत नाही काही दिवस. आई कधी बोलायला तयार झाल्या तर माझा विपू (विचारपूस, म्हणजे इथली निरोपाची जागा) उघडा आहे.