कराटेचं बेसिक: ठोसे, किक आणि सुजलेले अंगठे (अनुभव धागा)

निवांत:
काल लेक हॉलमध्ये "इची, नी, सान" (जपानीत एक, दोन, तीन) म्हणत ठोसे मारत होती आणि माझी मूठ आपोआप कमरेशी गेली. सोडून पंचवीस वर्षं झाली! आमचा पहिला महिना नुसता जागेवर ठोसे मारण्यात गेला. सगळं लक्ष पुढच्या हाताकडे, मागे ओढायचा हात लोंबतोय. सेन्सेई, म्हणजे आमचे सर, काखेत रुमाल धरायला लावायचे. कोपर फाकलं की रुमाल खाली. माझा तर जमिनीवरच असायचा. तुमचेही किस्से येऊ द्या.

पट्टाबदलू:
माए गेरी, म्हणजे समोरची किक. बोटं मागे ओढली नव्हती. पॅडवर थेट अंगठा. पुढचं सांगत नाही.

निवांत:
आई गं!

चिखलवाट:
सेम. चवडा लागायला हवा हे मला कळत होतं, अंगठ्याला नाही. आमच्याकडे किकचे चार तुकडे करायचे: गुडघा वर, मार, ओढ, ठेव. सेन्सेई नेमके "ओढ"वर थांबवून दुसऱ्याची चूक सुधारायला जायचे. आम्ही वीस बगळे, एका पायावर.

उशिरालतीफ:
मी चाळिशीत सुरू केलं, मुलाच्याच बॅचमध्ये. शेजारचा आठ वर्षांचा पोरगा म्हणे, "काकू, मनगट वाकडं होतंय." खरंच होत होतं. पहिल्या दोन बोटांची हाडं लागायला हवीत, मी करंगळीकडून मारत होते. आठवडाभर लिहिताना हात दुखला. आणि किआईची (मारताना द्यायच्या आरोळीची) तर... थांबा, मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते.

एकमार्गी:
शी म्हणजे चार आणि शिची म्हणजे सात, हे कोणी ठरवलं? नुसतं "शि" ऐकून मी मारून मोकळा.

पट्टाबदलू:
@एकमार्गी 😂 कुमितेत (जोडीदाराशी लढतीत) नशीब काढलं असतंस.

जुनाखोड:
कराटेगुरू फुनाकोशींनी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला जाऊन प्रात्यक्षिक दाखवलं, तिथून हे सगळीकडे पसरलं. ऑलिंपिकमध्ये यायला मात्र २०२१ उजाडलं, आणि पॅरिसला लगेच बाहेर! राग येतो.

चिखलवाट:
काका, धागा बेसिकचा आहे 🙏 पण राग मलाही आला.

निवांत:
आत्ता लेकीच्या काखेत रुमाल दिला. दहा ठोसे, पडला नाही. मग तिने मला दिला. तिसऱ्यालाच खाली.

एकमार्गी:
तिसरा म्हणजे सान ना? एवढं येतं मला.
@उशिरालतीफ, कपडे वाळले असतील एव्हाना, किआईचं राहिलंय.