पॅरिसपासून हैदराबादपर्यंत: ओग्बेचेच्या कारकिर्दीला उतरण म्हणावे का?

प्रश्न (दादरचा पालक):

नमस्कार मंडळी. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. आठवड्यातून चार दिवस तो पहाटे फुटबॉलच्या सरावाला जातो आणि आपल्याला नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागीच खेळवावे, असा हट्ट धरतो. गेल्या रविवारी जेवताना आमच्यात बार्थोलोम्यू ओग्बेचेवरून वाद झाला. माझे म्हणणे असे होते की, ज्या नायजेरियन स्ट्रायकरने वयाच्या सतराव्या वर्षी पॅरिस सेंट जर्मेनची जर्सी घातली आणि 2002 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध सुरुवातीच्या अकरा जणांत स्थान मिळवले, तो 2018 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे येतो, तेव्हा त्याची कारकीर्द उतरणीला लागली असेच म्हणावे लागते. मुलाने ताट बाजूला सारून मला ऐकवले, "बाबा, त्याने आयएसएलमध्ये 63 गोल केलेत, आणि तुम्ही त्याला घसरलेला म्हणता?"

त्याला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. तो इतका चांगला होता, तर त्याने इतके क्लब का बदलले? परदेशात खेळणाऱ्या स्ट्रायकरची कारकीर्द मोजायची तरी कशावरून, क्लबच्या नावावरून की गोलांवरून? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (माहीमकर):

आपल्या चिरंजीवांची बाजू अधिक भक्कम आहे, हे आधी सांगून टाकतो.

ओग्बेचेचा जन्म 1984 चा, नायजेरियाच्या क्रॉस रिव्हर राज्यातील ओगोजा या गावचा. पॅरिसच्या मुख्य संघात तो आला तेव्हा तिथे त्याच्याच देशाचा जे-जे ओकोचा होता, रोनाल्डिन्यो होता आणि निकोलस अनेल्काही होता. अशा संघात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मिळणार ती शेवटची दहा-पंधरा मिनिटे. पुढे 2003 मध्ये पाउलेटा आला आणि नऊ नंबरची जागा त्याने अशी अडवली की, तिथे दुसऱ्याला शिरकाव मिळणे अवघड होऊन बसले. बचावपटूला एखाद्या मोठ्या क्लबात चार वर्षे राखीव म्हणून काढता येतात, कारण एखादा जण जखमी होतो, एखादा निलंबित होतो आणि त्याचा नंबर लागतो. स्ट्रायकरचे तसे नसते. मैदानावर त्याची जागा बहुधा एकच असते आणि त्याचा हिशेब दर शनिवारी सगळ्यांसमोर मांडला जातो. गोल झाले नाहीत की पुढच्या हंगामात त्याला लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, दुसरीकडे पाठवतात.

ओग्बेचेचे तेच झाले. आधी फ्रान्समध्येच बास्तिया आणि मेट्झ, नंतर संयुक्त अरब अमिरातीत अल जझिरा, मग स्पेनमध्ये अलावेस, वायादोलिद आणि काडिझ, ग्रीसमध्ये कवाला, इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो, पुन्हा स्पेनमध्ये झेरेझ आणि शेवटी नेदरलँड्समध्ये कँबूर व विलेम टू. भारत धरून सात देश झाले. आपण याला घसरण म्हणता, पण यातल्या प्रत्येक करारामागे कोणीतरी पैसे मोजून "हा माणूस आम्हाला गोल करून देईल" असे ठरवलेले असते. ज्याच्यावरचा विश्वास संपतो त्याला बारावा करार मिळत नाही. शिवाय काही वेळा पायाखालची जमीनच सरकते. ग्रीसमध्ये 2011 साली सामनानिश्चितीचे मोठे प्रकरण उघडकीस आले आणि कवाला क्लबची थेट खालच्या श्रेणीत रवानगी झाली. खेळाडूने कितीही गोल केले असते तरी त्या क्लबचे भवितव्य त्याच्या हातात नव्हते.

आता भारतातले आकडे पाहा. नॉर्थईस्टसाठी 12, केरळ ब्लास्टर्ससाठी 15, मुंबई सिटीसाठी 8, हैदराबादसाठी पहिल्या हंगामात 18 आणि दुसऱ्यात 10. हैदराबादने विजेतेपद मिळवले त्या 2021-22 च्या हंगामातले सर्वाधिक गोल त्याचेच होते आणि तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. सुनील छेत्रीने 2024 मध्ये मागे टाकेपर्यंत आयएसएलमधला गोलांचा विक्रम त्याच्याच नावावर होता. वेग कमी झाल्यावर काय उरते, हे त्याच्या या गोलांत दिसते. तो डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या चौकटीत, फारसा धावत नसे. बचावपटूच्या पाठीशी, त्याला दिसणार नाही अशा बाजूला उभा राही आणि चेंडू येताना नेमकी दोन पावले पुढे टाकी. आपल्या मुलाला ती दोन पावले पाहायला सांगा, नुसता गोल नव्हे.

याच संदर्भात आणखी एक नाव सांगण्यासारखे आहे. नायजेरियाच्या 2002 च्या विश्वचषक संघात सतरा वर्षांचा आणखी एक मुलगा होता, फेमी ओपाबुन्मी. ओसाका येथे इंग्लंडविरुद्ध तो सुरुवातीपासून खेळला आणि विश्वचषकात खेळलेल्या सर्वांत लहान वयाच्या खेळाडूंत गणला गेला. काचबिंदूने त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि विशी ओलांडल्यावर लवकरच त्याला खेळ सोडावा लागला. दोघे एकाच संघातले आणि एकाच वयाचे. त्यातला एक सदतिसाव्या वर्षी गोव्यातील फातोर्ड्याच्या मैदानावर करंडक उचलतो, त्याला मी तरी उतरण म्हणणार नाही.

उत्तर २ (घाटकोपरचा प्रेक्षक):

माहीमकरांनी मुंबईचे आठ गोल एका ओळीत उरकले, म्हणून थोडी भर घालतो. मुंबई सिटीकडून खेळताना ओग्बेचे अंधेरीच्या मैदानावर एकदाही उतरला नाही, कारण करोनामुळे 2020-21 चा संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर, रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. ज्या वर्षी आपला संघ पहिल्यांदा विजेता झाला, त्या वर्षी मुंबईकरांनी तो फक्त टीव्हीवर पाहिला, ही रुखरुख माझ्या मनात अजून आहे.

अंतिम सामना 13 मार्च 2021 रोजी एटीके मोहन बागानविरुद्ध होता. आमच्या चाळीत त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे चौघे आमच्या खोलीत जमले होते आणि 1-1 अशी बरोबरी असल्याने आता जादा वेळ होणार म्हणून आईने पुन्हा चहाचे आधण ठेवले होते. ओग्बेचे त्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून आला होता, ही गोष्ट लक्षात घ्या. नव्वदाव्या मिनिटाला पुढे आलेल्या एका लांब चेंडूच्या मागे तो धावत सुटला, बागानचा गोलरक्षक जागा सोडून पुढे आला, पण त्याला चेंडू आवरता आला नाही. ओग्बेचेने तो हिसकावला आणि स्वतः मारण्याऐवजी बिपिन सिंगकडे सरकवला. बिपिनने गोल केला आणि मुंबई 2-1 ने जिंकली. गोलांच्या यादीत त्या क्षणी ओग्बेचेच्या नावापुढे काहीच लिहिले गेले नाही. छत्तीस वर्षांचा माणूस, सामना संपत आलेला, आणि तरीही वाया गेल्यासारखा दिसणारा चेंडू सोडायला तो तयार नव्हता. चहा उतू गेला, तो कोणी पाहिलाही नाही.

उत्तर ३ (नियम पाहणारा):

"इतके क्लब का बदलले" या प्रश्नाचे अर्धे उत्तर नियमांत आहे. फिफाच्या नियमांनुसार करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि तो संपल्यावर खेळाडू हस्तांतरणाची रक्कम न भरता दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकतो. तिशी ओलांडलेल्या स्ट्रायकरला लांबचा करार देण्यास क्लब सहसा तयार नसतात. एक-दोन वर्षांचे करार होतात, म्हणून नावांची यादी लांबते. त्या यादीवरून खेळाडू अस्थिर होता, असा निष्कर्ष काढणे म्हणजे कंत्राटी अभियंत्याने पाच पूल बांधले म्हणून त्याला धरसोडीचा म्हणण्यासारखे आहे.

आणि सुरुवातीच्या अपयशावरून तर काहीच ठरवू नये. व्हिक्टर ओसिमेन 2015 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात दहा गोल करून वोल्फ्सबुर्गला गेला आणि तिथल्या लीग सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही. हिवतापाच्या आजारपणानंतर बेल्जियममधल्या दोन क्लबांनी त्याला नाकारले. 2018 मध्ये शार्लरवा या बेल्जियमच्याच क्लबने त्याला लोनवर घेतले आणि तिथून तो लिल व पुढे नापोलीला पोहोचला. 2022-23 मध्ये 26 गोल करून तो इटलीतल्या लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि नापोलीला 1990 नंतर प्रथमच विजेतेपद मिळाले. वोल्फ्सबुर्ग सोडताना कोणी त्याची कारकीर्द मोजली असती, तर काय लिहिले असते?

उत्तर ४ (कूपरेजचा जुना गडी):

मला या सगळ्या कौतुकात थोडे मीठ टाकायचे आहे. रोव्हर्स चषकाच्या दिवसांपासून मी फुटबॉल पाहतो. चिमा ओकोरीची ताकद, पुढे आय-लीगमधला ओडाफा ओकोली, डेम्पोचा रँटी मार्टिन्स हे सगळे मी पाहिले आणि त्यांच्या खेळाबद्दल मला आदरच आहे. परंतु क्लबांना दर वर्षी तयार नायजेरियन, ब्राझिलियन किंवा स्पॅनिश स्ट्रायकर मिळत गेला आणि आपल्या मुलांना विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या जागी, ढकलण्याची सवय प्रशिक्षकांना लागली. मुंबईच्या ज्या शेवटच्या गोलाचे वर्णन वर आले आहे, त्यातही पाहा, बिपिन हा विंगरच. दोष ओग्बेचेचा नाही, तो आपले काम चोख करून गेला. पण 2021-22 पासून आयएसएलमध्ये मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या चारवर आणली, तरीही बहुतेक क्लबांनी त्यातली एक जागा स्ट्रायकरसाठीच राखली. दादरच्या पालकांनी मुलाला हेही सांगावे की, त्याची स्पर्धा वर्गातल्या मुलांशी नसून सात देश फिरून आलेल्या छत्तीस वर्षांच्या माणसाशी असेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (दादरचा पालक):

सर्वांचे आभार. उतरण हा शब्द मी मागे घेतो. कूपरेजच्या काकांचे म्हणणे मुलाला वाचून दाखवले, तेव्हा तो जरा गप्प झाला. मग घाटकोपरच्या मित्रांनी सांगितलेला नव्वदाव्या मिनिटाचा प्रसंग आम्ही मोबाइलवर सहा-सात वेळा पाहिला. आज सकाळी सरावाच्या वेळी मी मैदानाच्या कडेला उभा होतो. चिरंजीव गोलरक्षकाकडे परत जाणाऱ्या प्रत्येक चेंडूमागे धावत होते आणि गोलरक्षक, म्हणजे त्याचाच वर्गमित्र, वैतागून प्रशिक्षकांकडे तक्रार करत होता.