विंडोज १० च्या शेजारी लिनक्स मिंट : डी ड्राइव्ह, घड्याळ आणि श्रीलिपीच्या फायली

प्रश्न
लॅपटॉप सातव्या पिढीचा आय३, रॅम ८ जीबी. विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. वेग छान आहे, पण तीन गोष्टी अडल्यात. डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही. विंडोजमध्ये परत गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात.

उत्तर १
ड्राइव्ह बिघडलेला नाही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शट डाउन करूनही सिस्टीम पुरती बंद होत नाही, तिचा काही भाग हायबरनेट होतो, म्हणजे चालू स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. पार्टिशन (डिस्कचा तो भाग, इथे डी ड्राइव्ह) अजून वापरात आहे असं दिसल्यामुळे लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं जोडतं, आणि तेच बरोबर आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये जा, वरच्या ओळीवर क्लिक करून बंद दिसणारे पर्याय खुले करा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. मग एकदा शट डाउन करून मिंट सुरू करा. हायबरनेशनची फाइल लिनक्समधून जबरदस्तीने उडवण्याचा सल्ला मिळेल; तो मुळीच ऐकू नका, सेव्ह न झालेलं काम जाईल.

घड्याळाचं कारण वेगळं. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक धरतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. फरक बरोबर ५:३० चा. मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'timedatectl set-local-rtc 1' ही कमांड द्या आणि विंडोजमधली वेळ एकदा नीट लावा. या पद्धतीत उन्हाळी वेळ (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात ती) बदलताना घोळ होतो, पण भारतात तो प्रकारच नाही.

उत्तर २
श्रीलिपीच्या त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र कोड देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नाहीत. आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, मराठी रूप फक्त फॉन्ट देतो. तोच फॉन्ट होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकलात तर मजकूर दिसेल आणि छापताही येईल, पण मराठीत शोधता येणार नाही. कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. मूळ फाइल जपून ठेवा आणि रूपांतरानंतर पहिली वेलांटी व रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये 'कि'ची वेलांटी क च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये क नंतर. रफाराचं नेमकं उलटं. म्हणून 'वर्ष', 'सर्विस' असे शब्द हमखास फुटतात.

प्रश्नकर्ता
ड्राइव्ह आणि घड्याळ दोन्ही जमलं, आभार. नवीन मजकूर टाइप कशात करू?

उत्तर ३
इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट्सखाली मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट जोडा, बाकी काही लागत नाही. 'पुढाऱ्या'तला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. इंग्रजी स्पेलिंगवरून टाइप करायची सवय असेल तर आयबस हे वेगवेगळ्या भाषांत टाइप करायचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन (ibus-m17n) पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या आणि मराठी फोनेटिक निवडा.