कवितेच्या कार्यक्रमातून मदतनिधी, आणि रुसून गेलेला एक कवी : सल्ला हवाय

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमचा सांगलीत कवितेचा छोटा ग्रुप आहे. विश्रामबागला कुणाच्या तरी टेरेसवर महिन्यातून एकदा जमतो, व्हॉट्सॲपवर ३८ जण आणि प्रत्यक्षात १२-१५, ते सगळीकडेच असतं म्हणा. दिवाळीनंतर एक वार्षिक कार्यक्रम करतो. गेल्या वर्षी टूम निघाली की नुसत्या कविता वाचून घरी जायचं नाही, काहीतरी समाजासाठी पण करायचं, तर ऊसतोड मजुरांच्या मुलांना वह्या आणि स्वेटर द्यायचे ठरले. वर्गणी काढली, बाहेरून कविता वाचायला येणाऱ्यांकडून नोंदणी घेतली, सगळे मिळून १८,४०० जमले. आम्ही खूश.

आता खर्च ऐका. हॉल आणि माईक ४,५००. बॅनर ९००. पाहुण्यांना ९ शाली, २,२५०. नारळ-गुच्छ ३५०. सन्मानचिन्हं ३५, कारण एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही दिलं की ग्रुप फुटतो, त्याचे ५,६००. प्रमाणपत्रं ७००. नाष्टा ३,०००. करा बेरीज. उरले ११००! स्वेटर राहिले बाजूला, अकराशेच्या वह्या घेतल्या आणि आम्ही आठ जण त्या द्यायला गेलो, फोटो काढला. त्या फोटोत मुलं पाच आणि कवी आठ आहेत. मी तो ग्रुपवरून डिलीट करायला सांगितलं तर म्हणे ताई तुम्ही फार मनाला लावून घेता.

दुसरं दुखणं. आमच्यात एक मुलगा येतो, येत होता. कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला आहे. लिहितो आपल्याच बोलीत, मेसच्या आमटीवर, लेथ मशीनवर, गावाकडच्या म्हशीवर, आणि काय लिहितो हो! आमच्या सगळ्यांच्या चांदण्या नि मोगरे एका बाजूला आणि त्याची म्हैस एका बाजूला. तर त्या कार्यक्रमात आमच्या निवेदकांनी त्याला स्टेजवर बोलावताना "अतिशय गरीब परिस्थितीतून आलेला" अशी ओळख करून दिली आणि तिथंच माईकवरून त्याचा संग्रह छापायला मदतीचं आवाहन केलं. पाच-सहा जणांनी लगेच स्टेजवर येऊन पैसे दिले, टाळ्या झाल्या. त्याने पाकीट घेतलं, खाली मान घालून एक कविता वाचली. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन पाकीट जसंच्या तसं ठेवून गेला आणि संध्याकाळी ग्रुप सोडला. आता फोन उचलत नाही.

यंदाची मीटिंग पुढच्या रविवारी आहे. निधी नीट जमावा आणि नवीन लिहिणाऱ्यांना खरंच बळ मिळावं यासाठी तुमच्याकडे काय करतात? आणि त्या मुलाचं काय करू?

ढगाळ_दुपार
पस्तीस सन्मानचिन्हं 😂 आमच्या घरी शोकेसमध्ये अकरा आहेत, त्यातल्या दोनांवर माझं नावच चुकलंय. बायको म्हणते भंगारवाला पण घेत नाही, फायबर आहे.

फडातला_माणूस
ताई मी वाळवा तालुक्यातला, घरचा ऊस आहे म्हणून सांगतो. वह्या दिल्या ते ठीक पण वही कुठल्या पोराला दिली बघितलं का? ही माणसं बीड, नगर, जतकडनं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत्यात ते मार्च-एप्रिलपर्यंत इथंच. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, मुकादमाची उचल, म्हंजे आगाऊ पैसं, घेतलेली असत्या ती फेडायची. पहाटं अंधारात फडात जायचं, गाडी भरायची, खाली करून यायला रात किती होईल नेम न्हाय. मोठं पोरगं बारकं पोरगं सांभाळतंय कोपीत, म्हंजे झोपडीत. त्याची शाळा गावाकडं राहिली, त्याला वही दिली तर त्यात लिहायचं काय? शिकवणारं कोण नको का?

दोन वर्षांमागं आमच्या तालमीच्या पोरांनी असंच काय काय गोळा केलं होतं, तवा माझ्या आईनं डोकं चालवलं, म्हणली आधी जाऊन इचारा तरी. इचारायला पण बाईमाणूस पाठवा म्हणली, गडी गेले की बायका काय बोलत न्हाईत. तर बायकांनी काय मागितलं म्हाईत हाय का? न्हाणीला आडोसा. चार बांबू आणि ताडपत्री. आमच्या कुणाच्या डोक्यात पण आलं नव्हतं, आम्ही बिस्किटाचे बॉक्स घिऊन निघालो होतो.

२०१९ च्या महापुरात पण हेच बघितलं. जुन्या कपड्यांचा असा ढीग पडला होता की वाळवायला जागा न्हाई. त्यात एक भरजरी शेरवानी पण निघाली. पूर ओसरल्यावर चिखल काढायला खोरी आणि पाट्या पायजे होत्या, त्या कुणी पाठवल्या न्हाईत.

हिशोबी
मी अकाउंटचं काम करतो, कवितेतलं ओ की ठो कळत नाही, पण पैशाचं दोन शब्दांत सांगतो (दोन शब्दांत बसणार नाही).

पहिला प्रश्न, ते १८,४०० कुणाच्या खात्यात जमा झाले होते? नक्की कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर. हे करू नका. आज सगळे मित्र आहेत, उद्या कुणी विचारलं की स्क्रीनशॉट शोधत बसाल. शिवाय तुमची संस्था नोंदलेली नसेल आणि तुम्ही लोकांकडून धर्मादाय कामासाठी म्हणून वर्गणी गोळा करत असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ४१ क लागू होतं. गणपती मंडळं धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात ना, तेच. आपापसात १५ जणांनी पैसे काढून स्वेटर आणले त्याला कुणी विचारत नाही, पण पोस्टर लावून आवाहन केलं की गोष्ट बदलते.

सगळ्यात सोपं म्हणजे पैशाला हातच लावू नका. मुलांसाठी खरंच काम करणारी एखादी नोंदणीकृत संस्था गाठा आणि कार्यक्रमात त्यांचाच क्यूआर कोड लावा. पैसे थेट त्यांच्याकडे, पावती त्यांची, ८०जी असेल तर देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सवलत. त्यात पण दोन गोष्टी लोक विसरतात: रोख २,००० च्या वर दिले तर ८०जीची सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स प्रणाली घेतली असेल तर ती सूट तशीही नाहीच. म्हणून ८०जीचं आमिष दाखवून निधी मागू नका, नंतर माणूस चिडतो.

आणि कार्यक्रमाचा खर्च आणि निधी हे दोन डबे वेगळे ठेवा हो. खर्च सभासदांच्या वर्गणीतून, तेवढीच उडी मारायची. मदतीच्या नावाने घेतलेल्या रुपयातून नारळसुद्धा आणायचा नाही.

जुना_मास्तर_सातारा
हिशोबी साहेबांशी सहमत. मी साताऱ्याचा, रिटायर्ड मास्तर, रयत शिक्षण संस्थेत शिकलो. आमच्याकडे मुष्टिफंड म्हणायचे. आमची आजी सांगायची, दळणाला बसायच्या आधी मूठभर धान्य एका मडक्यात बाजूला टाकायचं आणि ते बोर्डिंगच्या पोरांसाठी जायचं. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ मध्ये काल्याला रयतची स्थापना केली आणि १९२४ ला साताऱ्यात आणली, बोर्डिंगमधल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, हे सगळं आपल्याला पाठ आहे, शाळेत भाषणं करून करून. पण त्या मडक्याकडे बघा. कुणाचीच मूठ मोठी नव्हती आणि स्टेज तर नव्हतंच.

तुमच्या १५ जणांनी महिन्याच्या बैठकीत एका डब्यात प्रत्येकी ५० टाकले तर वर्षाला ९,००० होतात. हॉल नको, माईक नको, शाल नको. गेल्या वर्षीच्या तुमच्या अख्ख्या सोहळ्याने ११०० दिले.

दुसरं, औदुंबरला संक्रांतीला जाऊन या. तुमच्यापासून लांब नाही. १९३९ पासून सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन तिथं कृष्णेच्या काठी भरतंय, कवी सुधांशूंनी सदानंद सामंत या आपल्या मित्राच्या आठवणीसाठी सुरू केलं. मित्र गेला तर माणूस काय करतो, फोटोला हार घालतो. ह्यांनी दरवर्षी लिहिणाऱ्यांना एकत्र बोलावलं. मी १९८० च्या सुमाराला पहिल्यांदा गेलो होतो, खिशात कविता होती, वाचायचं धाडस झालं नाही, परत येताना एसटीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी ती मागून घेऊन वाचली आणि म्हणाले तिसरं कडवं काढून टाका, बाकी ठेवा. त्यांचं नावही मला माहीत नाही. पण तेवढ्यावर मी आजपर्यंत लिहितोय.

कराडची_सून
मास्तर 🙏 तिसरं कडवं काढून टाका हे आमच्या ग्रुपमध्ये कुणी म्हणालं तर तीन दिवस भांडण. आमच्यात फक्त "वाह ताई", "अप्रतिम", "निःशब्द". मी मुद्दाम एकदा किराणा मालाची यादी ओळी तोडून टाकली होती, सात जणांनी निःशब्द लिहिलं.

बाकी कवींना प्रोत्साहन म्हणून चाललेला धंदा पण सांगून ठेवते. "प्रातिनिधिक काव्यसंग्रह" म्हणून मेसेज येतो, दोन कवितांचे हजार-पंधराशे घ्यायचे, दोन प्रती द्यायच्या, वर पुरस्कार. मीही एकदा फसलेय. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मिळवून देण्याचे पण वेगळे पैसे लावले होते, ते तर सरकारकडून फुकट मिळतं. आणि न खपलेल्या प्रती मग वाचनालयाला "दान" करायच्या. एका वाचनालयातल्या बाई मला म्हणाल्या, ताई आमच्याकडे कवितेची पुस्तकं देणारे खूप आहेत हो, नेणारे द्या.

त्यापेक्षा एक करा, प्रत्येकाने आपल्याऐवजी दुसऱ्याची कविता वाचायची. आम्ही दोन महिने केलं. दुसऱ्याची वाचायची म्हणजे आधी घरी वाचावी लागते, कुठं थांबायचं कळावं लागतं, त्यासाठी फोन करावा लागतो. आपोआप बोलणं होतं.

रातपाळी
मी सहसा इथे फक्त वाचतो पण त्या मुलाबद्दल राहवत नाही म्हणून लिहितोय.

मी पण कारखान्यात होतो, मिरजेला, आणि माझ्यासाठी पण एकदा स्टेजवर पैसे गोळा झाले होते, आई आजारी होती. लोकांचा हेतू चांगलाच होता त्याबद्दल तक्रार नाही, पण मी त्या दिवशी नवी कविता घेऊन गेलो होतो, तीन आठवडे तिच्यावर बसलेलो, आणि ती वाचून झाल्यावर कवितेबद्दल एकाने पण काही विचारलं नाही, सगळे आई कशी आहे विचारत होते. तेव्हा वाटलं की आपण इथे कवी म्हणून येत होतो आणि ह्यांनी आपल्याला ऊसतोडीच्या पोरांच्या रांगेत उभं केलं. पुढची चार वर्षं मी कुठं गेलो नाही.

ताई, रागावू नका, तो पाकीट घेऊन तुमच्या घरी आला तेव्हा तुम्ही काय बोललात? त्याला विचारलं का नवीन काय लिहिलंस म्हणून? त्याला मदत नका करू. कार्यक्रमाला बोलवा आणि मानधन द्या, पाहुण्यांना देता ना शाल-नारळ, तसं त्याला पाचशे का असेना पण मानधन म्हणून, त्याची पावतीवर सही घेऊन. ते पैसे त्याने कमवलेले असतील. आणि बैठक रविवारी सकाळी दहाला असेल तर बदला, थर्ड शिफ्टचा माणूस त्या वेळी झोपलेला असतो.

ढगाळ_दुपार
आता गंमत नाही करत. रातपाळी, तुमची एखादी कविता टाका ना इथे.

कृष्णाकाठची
उत्तर द्यायला उशीर झाला. रातपाळी, तुमचा मेसेज वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. खरं सांगायचं तर तो आला तेव्हा मी म्हणाले "अरे ठेव की, तुझ्यासाठीच आहेत", आणि चहा केला. कवितेचं काही विचारलं नाही. सुचलंच नाही.

मीटिंग झाली. सन्मानचिन्हं बंद हे १३ विरुद्ध २ ने पास झालं, ते दोघे कोण ते सांगत नाही, इथं वाचत असतील. शाली पण बंद. मास्तरांचा डबा सुरू केला, स्टीलचा आहे, माझ्या लोणच्याचा, अजून वास येतोय. पहिल्याच दिवशी ८५० पडले. फडातल्या भाऊंनी सांगितलं तसं हंगाम सुरू झाला की आधी आम्ही तिघी बायका नुसत्या विचारायला जाणार, काही न घेता आणि फोटो न काढता. कार्यक्रमात क्यूआर कुणाचा लावायचा त्यावर मात्र वाद चाललाय, हिशोबी तुम्हाला मेसेज केलाय, बघा.

बैठक आता संध्याकाळी पाचला. आणि त्याला फोन नाही केला, मेसेज केला. इतकंच लिहिलं की म्हशीच्या कवितेत शेवटी तू दावं सोडतोस की म्हैस तोडते, मला दोन्ही वाटतं, नक्की काय? दोन दिवस ब्लू टिक. काल रात्री २ वाजून १० मिनिटांनी उत्तर आलं, सेकंड शिफ्ट सुटून घरी पोहोचल्यावर बहुतेक. "तोडते. पण मी दावं आधीच ढिलं बांधलेलं असतं ते लिहिलं नाही मी." आणि खाली एक नवी कविता.

कराडची_सून
टाका ना ती इथे!!

कृष्णाकाठची
त्याला विचारून टाकते.