मदत हवी आहे: लॅपटॉप जुन्या डब्बा टीव्हीला जोडायचाय

नमस्कार मंडळी, गावी आईकडे २१ इंची जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आहे, अजून ठणठणीत चालतो म्हणून ती काढू देत नाही, आणि आता तिला ताईच्या लग्नाचे व्हिडिओ त्याच्यावरच बघायचेत. मागे फक्त पिवळी-पांढरी-लाल भोकं (एव्ही), लॅपटॉपची एचडीएमआय केबल लावायच्या जागेचा पत्ताच नाही, म्हणून एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर आणला (त्याआधी चुकून उलटा, एव्ही टू एचडीएमआय आणला होता, दिसायला दोन्ही डब्या सेम, हसू नका).

पहिल्यांदा चित्र ब्लॅक अँड व्हाइट आणि वरखाली पळणारं. मग डबीवरचं बारीक बटण दिसलं, ते एनटीएससीवर होतं, पालवर (PAL, या दोन्ही टीव्ही सिग्नलच्या पद्धती) केल्यावर रंग आले. आपल्याकडचे जुने टीव्ही पालवाले ना, हे आधी सुचायला हवं होतं.

आता राहिलेलं दुखणं असं की दर पाच-दहा मिनिटांनी स्क्रीन काळी होते आणि केबल काढून घातली की परत येते. पॉवर लॅपटॉपच्याच यूएसबीतून दिलीय, ती कमी पडत असेल का? मोबाईलचा ५ व्होल्टचा साधा चार्जर लावला तर चालेल ना, डबी जळायची नाही ना? दुसरं म्हणजे चारही बाजूंनी चित्र कापलं जातं, खालचा टास्कबार तर दिसतच नाही, रिझोल्यूशन ८०० बाय ६०० करून पाहिलं तरी तेच. अक्षरं पुसट दिसतात ते एक वेळ चालेल, पण वऱ्हाडातली डोकी कापली जातायत आणि आई म्हणते मामा कुठाय?

कोणी केलं असेल तर सांगा प्लीज, रविवारी परत निघायचंय.