मदत हवी आहे: दिव्यांगांच्या तक्रारी बंद होतात, पण ऑफिस त्यातून शिकत नाही, काय करू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी ऑफिसात मी लिपिक आहे, कोणतं ते विचारू नका. दिव्यांगांच्या तक्रारींचं रजिस्टर ज्या बाबूंकडे होतं ते रिटायर झाले आणि साहेबांनी ते माझ्या टेबलावर आणून टाकलं. म्हटलं आलंच आहे तर जुन्या नोंदी वाचू, तर डोकंच फिरलं ना बाप्पा. त्याच त्याच तक्रारी, गाव तेवढं वेगळं.

एक नोंद सांगते. एका कर्णबधिर बाईंनी लिहून दिलं होतं की दाखल्याच्या शिबिरात सकाळपासून बसून होते, नंबरच आला नाही. त्यावर आपला शेरा काय, "अर्जदाराचे नाव तीन वेळा पुकारले, अर्जदार अनुपस्थित, तक्रारीत तथ्य नाही, नस्तीबद्ध." म्हणजे फाईल बंद. आता जिला ऐकूच येत नाही तिचं नाव तीनदा काय अन् तीसदा काय! पुढच्या शिबिरातही पुकाराच चालू, एक फळा अन् खडू ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

रॅम्पचंही तसंच. तक्रार आली, रॅम्प बांधला, फोटो लावला, फाईल बंद. जोतं दीड फूट उंच अन् रॅम्प 5 फुटाचा. 1 ला 12 चा उतार, म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबी, धरला तर 18 फूट रॅम्प पाहिजे, याच्यावरून व्हीलचेअर चढवायला मागून दोन जण लागतात, म्हणून त्याच्यावर सध्या पाण्याच्या कॅन ठेवून राहिले. वरून नवीन इमारतीच्या अंदाजपत्रकात पुन्हा तोच 5 फुटी, कारण पहिली तक्रार इंजिनिअर साहेबांपर्यंत गेलीच नव्हती. आणि कुष्ठरोगातून बरे झालेल्या एका काकांचा अंगठा रेशनच्या ई-पॉस मशीनवर उमटत नाही, त्यांचा अर्ज "संबंधित विभागाकडे वर्ग" लिहून आपण मोकळे.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचला. कलम 23 मध्ये तक्रार निवारण अधिकारी, रजिस्टर, 2 आठवड्यांत चौकशी, समाधान नाही झालं तर जिल्हास्तरीय समिती, असं सगळं आहे. पण 2 आठवड्यांचा हिशोब लागला की साहेब खूश, म्हणतात पेंडिंग शून्य आहे, तुला अजून काय पाहिजे. मासिक सभेत हे कसं मांडू की कोणाला वाटू नये आपल्यावरच बोट दाखवून राहिली? कोणाच्या ऑफिसात अशी काही पद्धत असेल तर सांगा प्लीज.

वर्धेकर_बाबू: ताई, आधी रजिस्टरचे दोन भाग करा. कलम 23 नोकरीतल्या भेदभावासाठी आहे, म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी. शिबिरातल्या बाई, रॅम्प, हे नागरिकांचं वेगळं ठेवा, ते लोक पुण्याला दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांकडेही जाऊ शकतात अन् तिथून शिफारस आली की 3 महिन्यांत काय कारवाई केली ते कळवावं लागते. साहेबांना हे आधी सांगा, कान लगेच टवकारतील. मग रजिस्टरला दोन रकाने वाढवा: "असं काऊन झालं" आणि "पुढच्या वेळी काय वेगळं करणार, कोण करणार". दुसरा रकाना रिकामा असेल तर फाईल बंद करायची नाही, बस. सभेत तक्रारदाराचं अन् कर्मचाऱ्याचं नाव घेऊ नका, "शिबिरात पुकारा पद्धत, इतक्या तक्रारी" एवढंच वाचा.

तीनचाकी: मी स्वतः व्हीलचेअरवर आहे, गाव अमरावतीकडचं. बाबूभाऊंचं बरोबर आहे, पण रजिस्टरात जे आलं ते थोडंच आहे ताई. गावात तक्रार केली की सरपंचाला संध्याकाळपर्यंत कळते, मग ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीच्या यादीत नाव राहते की जाते याची धास्ती. त्यामुळे लोक चूप बसतात. तोंडी सांगितलेलंही लिहून घेत जा, पोच द्या. अन् रॅम्प बांधून झाला की फोटो काढायच्या आधी आमच्यातल्या एकाला बोलवा, चढून दाखवतो, नाही चढला तर तिथंच कळेल. जुन्या सरकारी इमारतींसाठी नियम आल्यापासून 5 वर्षं दिली होती, नियम 2017 चे आहेत, मुदत कधीचीच संपली.

मूळ धागाकर्ती: दोघांचेही आभार. बाबूभाऊ, रकाने आजच आखले. एक विचारायचं राहिलं, रेशनच्या काकांसारखी तक्रार दुसऱ्या खात्याकडे वर्ग केली तर "कोण करणार" मध्ये नाव आपलं लिहायचं की त्यांचं?

वर्धेकर_बाबू: दोन्ही. त्यांचं करणारा म्हणून, तुमचं विचारपूस करणारा म्हणून, अन् शेजारी विचारायची तारीख. काकांना तोवर विनाअंगठा धान्य मिळायची सोय आहे का ते पुरवठा शाखेला लेखीच विचारा, फोनवर नको.